हातात मुरलेला क्वार्टरबॅक असताना नवा ड्राफ्ट करावा का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी विस्कॉन्सिनमध्ये राहते. इथे रविवारी दुपारी किराणा आणायला गेलं तर दुकान ओस पडलेलं असतं, कारण ग्रीन बे पॅकर्सचा सामना चालू असतो. अमेरिकन फुटबॉल मी इथे आल्यावरच शिकले आणि मग त्यात पुरती गुंतले. इतक्या वर्षांत इथल्या घराघरांत एकच वाद पुन्हा पुन्हा ऐकला आहे: चांगला क्वार्टरबॅक हाताशी असताना संघाने नवा घ्यावा का? आता पुण्या-नाशिकचे भाचेही शुक्रवारी पहाटे साडेपाचला उठून ड्राफ्ट, म्हणजे कॉलेजच्या खेळाडूंची वार्षिक निवड, बघतात आणि फोन करून तेच विचारतात. त्यांना वेळोवेळी दिलेली उत्तरं इथे सविस्तर लिहिते आहे. माझं मत आधीच सांगून टाकते. घ्यावा, आणि गरज पडायच्या आधी घ्यावा. तहान लागल्यावर विहीर खणायला घेतली की काय होतं, ते एनएफएल या इथल्या मुख्य लीगमध्ये दर वर्षी कुणाच्या तरी वाट्याला येतंच.

क्वार्टरबॅक म्हणजे नेमका कोण? त्याच्याच निवडीची एवढी चर्चा का?

मैदानावर प्रत्येक संघाचे ११ जण असतात. आक्रमणात प्रत्येक डावाची (इथे डाव म्हणजे काही सेकंदांची एक चाल) सुरुवात चेंडू क्वार्टरबॅकच्या हातात येऊन होते. समोरून सव्वाशे-दीडशे किलोचे गडी अंगावर धावून येत असतात आणि जेमतेम तीन सेकंदांत त्याला ठरवायचं असतं की पास कुणाला द्यायचा, की स्वतः पळायचं, की चेंडू सरळ बाहेर फेकून द्यायचा. क्रिकेटमध्ये कर्णधार चुकला तरी एखादा फलंदाज सामना ओढून काढतो. इथे क्वार्टरबॅक ढिला असेल तर बाकीचे दहा जण कितीही चांगले असले तरी वर्ष वाया जातं. म्हणून त्या एका जागेसाठी संघ दहा-दहा वर्षांचा विचार करतात, निदान करायला हवा.

ड्राफ्ट म्हणजे आयपीएलचा लिलावच ना?

नाही. इथे बोली लागत नाही. ३२ संघ, ७ फेऱ्या, आणि क्रम उलटा: मागच्या हंगामात सगळ्यात वाईट खेळलेला संघ पहिला निवडतो, सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकलेला सगळ्यात शेवटी. कॉलेजमधून येणाऱ्या मुलाला संघ निवडता येत नाही, संघ त्याला निवडतो. मात्र निवडीचे क्रमांक आपसात बदलता येतात. पुढे सरकायचं असेल तर आपले इतर क्रमांक, अगदी पुढच्या वर्षांचेसुद्धा, द्यावे लागतात.

यातली मेख अशी की चांगला संघ नेहमी शेवटी निवडतो. तुमचा क्वार्टरबॅक उत्तम असेल तर तुम्ही जिंकता, आणि जिंकता म्हणून पुढचा चांगला क्वार्टरबॅक तुमच्यापर्यंत येतच नाही. एखाद्या वर्षी तो घसरत घसरत तुमच्यापर्यंत आलाच, तर त्या दिवशी काय करायचं, हा खरा प्रश्न आहे.

घरात चांगला असताना दुसरा कशाला?

ग्रीन बेला हा प्रसंग दोनदा आला, पंधरा वर्षांच्या अंतराने, आणि दोन्ही वेळा त्यांनी एकच उत्तर दिलं. म्हणून मी सारखी त्यांचंच उदाहरण देते.

एप्रिल २००५. पॅकर्सचा क्वार्टरबॅक ब्रेट फार्व्ह ३५ वर्षांचा. तीन वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला, १९९२ पासून एकही सामना न चुकवलेला, गावाचा लाडका. ड्राफ्टच्या दिवशी कॅलिफोर्नियाचा ॲरन रॉजर्स पहिला निवडला जाईल अशी चर्चा होती. सॅन फ्रान्सिस्कोने ॲलेक्स स्मिथला घेतलं आणि रॉजर्स खाली खाली येत गेला. कॅमेऱ्यांसमोर तो मुलगा चार तासांहून जास्त वेळ सूट घालून बसून होता. पॅकर्सचे जनरल मॅनेजर टेड थॉम्पसन यांचा तो त्या पदावरचा पहिलाच ड्राफ्ट. २४व्या क्रमांकावर त्यांनी रॉजर्सचं नाव पुकारलं. फार्व्हला त्या वर्षी मदतीला माणूस हवा होता, वारस नको होता. लोक रागावले.

रॉजर्स तीन वर्षं बाकावर बसला. मार्च २००८ मध्ये फार्व्हने डोळ्यांत पाणी आणून निवृत्ती जाहीर केली, उन्हाळ्यात विचार बदलला, आणि ऑगस्टमध्ये संघाने त्याला न्यूयॉर्क जेट्सकडे पाठवून दिलं. गावात अक्षरशः घरं फुटायची वेळ आली होती. माझ्या शेजारच्या घरी बापलेक कित्येक दिवस एकमेकांशी बोलत नव्हते. त्या पहिल्या हंगामात रॉजर्सचा संघ फक्त ६ सामने जिंकला, १० हरला. दोन वर्षांनी, २०१०च्या हंगामात, त्याच रॉजर्सने पिट्सबर्गला ३१-२५ हरवून सुपर बोल आणला.

एप्रिल २०२०. आता रॉजर्स ३६ वर्षांचा. संघ आधीच्या हंगामात १३-३, म्हणजे १३ विजय, ३ पराभव. कोविडमुळे ड्राफ्ट घराघरांतून, संगणकावर चाललेला. जनरल मॅनेजर ब्रायन गुटेकुन्स्ट यांनी ३०वा क्रमांक आणि चौथ्या फेरीतली एक निवड मायामीला देऊन २६वा क्रमांक मिळवला आणि युटा स्टेटचा जॉर्डन लव्ह घेतला. शेवटच्या कॉलेज हंगामात या मुलाने २० टचडाऊन पास (थेट गुण मिळवून देणारे) दिले होते आणि १७ इंटरसेप्शन (समोरच्या संघाच्या हाती गेलेले पास). असे आकडे बघून कुणाच्याही कपाळाला आठ्या पडतील. त्या रात्री माझ्याही पडल्या होत्या.

लव्हही तीन वर्षं बसला. २०२३च्या एप्रिलमध्ये रॉजर्स जेट्सकडे गेला आणि सप्टेंबरमध्ये तिथल्या पहिल्याच सामन्यात, चौथ्या डावाला, त्याच्या टाचेची शीर तुटली. त्याच हंगामात लव्हने ३२ टचडाऊन पास दिले आणि प्लेऑफमध्ये डॅलसला त्यांच्याच मैदानावर ४८-३२ असं लोळवलं. रॉजर्स जाईपर्यंत थांबून मग शोधाशोध सुरू केली असती तर २०२३ मध्ये त्या जागेवर कोण उभा असता, याचा मी अनेकदा विचार करते. शिकागोत, क्लीव्हलँडमध्ये, न्यूयॉर्कमध्ये लोक वर्षानुवर्षं जे भोगत आले, ते आमच्या वाट्याला आलं असतं.

पण २०२० मध्ये रिसीव्हर (पास झेलणारा खेळाडू) घेतला असता तर रॉजर्सला आणखी एक सुपर बोल मिळाला असता, असं म्हणतात. ते खोटं आहे का?

खोटं नाही, आणि हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा मुळीच नाही. त्या वर्षी पॅकर्सनी सातही फेऱ्यांत एकसुद्धा रिसीव्हर घेतला नाही. ते मलाही खटकतं. टी हिगिन्स ३३व्या क्रमांकापर्यंत शिल्लक होता. पुढच्या जानेवारीत लॅम्बो फील्ड या घरच्या मैदानावरच टॅम्पा बेकडून ३१-२६ हार झाली. एवढ्या थोड्या फरकात एक जास्तीचा भरवशाचा रिसीव्हर कामी आला असता, असं म्हणणाऱ्याला माझ्याकडे ठाम उत्तर नाही.

मी एवढंच दाखवते की ज्या रॉजर्सला डावललं असं लोक म्हणत होते, तो २०२० आणि २०२१ अशी दोन्ही वर्षं लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पाठीमागे वारस उभा राहिला म्हणून तो खचला नाही, उलट पेटून उठला. चूक पहिल्या फेरीत झाली असं मला वाटत नाही. दुसऱ्या, तिसऱ्या फेरीत रिसीव्हर घ्यायला कुणी अडवलं होतं? लव्हला घेणं आणि रॉजर्सला मदत देणं, दोन्ही त्याच ड्राफ्टमध्ये जमण्यासारखं होतं.

जुन्या खेळाडूला कसं वाटत असेल? त्याला विचारावं का?

परवानगी मागू नये, पण आधी सांगावं. नाव पुकारायच्या अगोदर एक फोन. २०२० मध्ये ते नीट झालं नाही, आणि संवाद अधिक चांगला ठेवायला हवा होता हे गुटेकुन्स्ट यांनी पुढे स्वतः मान्य केलं. पुढची तीन वर्षं जी धुसफूस चालली, तिचं मूळ मला लव्हच्या निवडीत दिसत नाही, ती निवड रॉजर्सला जशी कळली त्यात दिसतं. ज्या माणसाने बारा वर्षं संघाचं घर चालवलं, त्याला घरात नवं माणूस येतंय हे टीव्हीवरून कळू नये. इतकी साधी गोष्ट आहे.

कॅन्सस सिटीने हे २०१७ मध्ये फार चांगलं निभावलं. ॲलेक्स स्मिथ, तोच २००५चा पहिला क्रमांक, तेव्हा त्यांचा क्वार्टरबॅक होता आणि संघ आदल्या वर्षी १२-४. तरी त्यांनी २७व्या क्रमांकावरून १०व्यावर उडी मारून पॅट्रिक महोम्सला घेतलं. स्मिथने त्या पोराला मनापासून शिकवलं, स्वतः त्या वर्षी कारकिर्दीतला सर्वोत्तम खेळ केला आणि हंगामानंतर वॉशिंग्टनला गेला. पुढच्या वर्षी महोम्सने ५० टचडाऊन पास दिले. स्मिथचं नाव या गोष्टीत लोक विसरतात, मला ते विसरता येत नाही.

नव्या मुलाला बाकावर बसवावं की थेट मैदानात उतरवावं?

दोन्ही वाटांनी माणसं घडली आहेत. पेटन मॅनिंगला १९९८ मध्ये पहिल्या दिवसापासून खेळवलं. त्याने त्या हंगामात २८ इंटरसेप्शन दिली, संघ ३-१३ राहिला आणि पुढच्याच वर्षी १३-३ झाला. वॉशिंग्टनचा जेडन डॅनियल्स २०२४ मध्ये पहिल्याच वर्षी संघाला सुपर बोलपासून एक पायरी अलीकडे घेऊन गेला.

तरी मला मुरवण्याची वाट आवडते. लोणच्याची फोड पहिल्याच दिवशी खाता येते, पण मुरलेली चव वेगळीच. बाकावर बसलेला मुलगा समोरच्या संघाची बचावाची रचना वाचायला शिकतो, आपल्या पायांची ठेवण सुधारतो, आणि मुख्य म्हणजे हरण्याचं ओझं न घेता चुका करतो. लव्हला २०२० मध्ये एकही पास टाकायला मिळाला नाही. तो तिसऱ्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक होता आणि कोविडमुळे सरावाचे सामनेसुद्धा रद्द झाले होते. २०२१ मध्ये रॉजर्सला कोविड झाला म्हणून कॅन्सस सिटीविरुद्ध एक सामना त्याच्या वाट्याला आला, तोही १३-७ हरला. तेव्हा अनेकांनी त्याच्या नावावर काट मारली होती.

आणि मग २४ सप्टेंबर २०२३. मुख्य क्वार्टरबॅक म्हणून लव्हचा लॅम्बोवरचा पहिला सामना, समोर न्यू ऑर्लिन्स. मी त्या दिवशी मैदानात होते. लॅम्बोला खुर्च्या थोड्या, बाकी सगळी ॲल्युमिनियमची लांब बाकडी, त्यामुळे शेजारच्या माणसाचा खांदा खांद्याला लागतो. माझ्या बाजूला सत्तरीचे एक आजोबा, अंगात रॉजर्सचा १२ नंबरचा जर्सी, धुऊन धुऊन आकड्याच्या कडा निघालेल्या. सामन्याच्या चार भागांपैकी तिसरा संपला तेव्हा फलक ०-१७. आजोबा हाताची घडी घालून बसलेले, एक अक्षर बोलत नव्हते. चौथ्या भागात आधी एक फील्ड गोल (किक मारून मिळवलेले तीन गुण) झाला. मग लव्ह स्वतः चेंडू घेऊन घुसला आणि पाठोपाठ दोन गुणांचा जादा डावही साधला. शेवटची तीन मिनिटं उरली असताना त्याने रोमिओ डब्सला टचडाऊनचा पास दिला. १८-१७. न्यू ऑर्लिन्सची शेवटची किक बाजूने गेली तेव्हा आजोबांची घडी सुटली आणि त्यांनी दोन्ही हातांनी माझा हात दाबून धरला. बोलले तेव्हाही काही नाहीत.

त्यानंतरही संघ ३-६ असा गडगडला होता, हे सांगायला हवं. मुरलेल्या मुलालाही मैदानावर पहिले दोन-तीन महिने धडपडू द्यावं लागतं. शेवट ९-८ झाला.

पहिल्या फेरीतच घ्यायला हवा का? टॉम ब्रेडी तर १९९वा होता!

हे उदाहरण मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावं लागतं. ब्रेडी २००० मध्ये सहाव्या फेरीत १९९वा. ब्रॉक पर्डी २०२२ मध्ये २६२वा, म्हणजे अख्ख्या ड्राफ्टमधला शेवटचा, आणि दोन वर्षांत सुपर बोलमध्ये. डॅक प्रेस्कॉट १३५वा. ही माणसं खरी आहेत, पण त्यांच्या मागे अशा शेकडो नावांची रांग आहे जी कुणालाच आठवत नाहीत. उलट पहिला क्रमांक म्हणजे खात्री असंही नाही. २००७ मध्ये जमार्कस रसेलला पहिला घेतलेल्या रेडर्सची गत भरवशाच्या म्हशीला टोणगा अशी झाली.

माझं म्हणणं असं: वारस शोधायचा असेल तर पहिली-दुसरी फेरी, आणि हाताशी तयार माणूस ठेवायचा असेल तर खालच्या फेऱ्या. दोन्हीची गल्लत करू नये.

वर सरकण्यासाठी किती मोजावं?

पॅकर्सनी चार पायऱ्यांसाठी चौथ्या फेरीतली एक निवड दिली. महोम्ससाठी कॅन्सस सिटीने पुढच्या वर्षीची पहिली फेरी आणि एक तिसऱ्या फेरीची निवड मोजली. सॅन फ्रान्सिस्कोने २०२१ मध्ये १२वरून ३ऱ्या क्रमांकावर जायला पुढच्या दोन वर्षांच्या पहिल्या फेऱ्या आणि वर एक तिसऱ्या फेरीची निवड दिली, आणि ट्रे लान्सला घेतलं. लान्स त्यांच्यासाठी फक्त चार सामन्यांत सुरुवातीपासून खेळला आणि मग चौथ्या फेरीच्या एका निवडीच्या बदल्यात डॅलसला गेला. पर्डी सापडला नसता तर त्या संघाचं पुढचं अर्धं दशक अंधारात गेलं असतं. घाईतल्या माणसाला बाजार नेहमी चढा भाव सांगतो.

पैशाचं गणित काय आहे?

लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या २०११च्या करारापासून नवख्यांचे पगार बांधून दिले आहेत. २०१० मध्ये पहिल्या क्रमांकाच्या सॅम ब्रॅडफर्डला ५ कोटी डॉलरची हमी होती. पुढच्याच वर्षी पहिल्या क्रमांकाच्या कॅम न्यूटनचा चार वर्षांचा अख्खा करार सुमारे २ कोटी २० लाखांचा. म्हणजे ड्राफ्ट केलेला क्वार्टरबॅक पहिली चार वर्षं स्वस्तात मिळतो, पहिल्या फेरीतला असेल तर पाचवं वर्ष वाढवायचा हक्कही संघाकडे राहतो.

लव्हने २०२४च्या जुलैमध्ये चार वर्षांची २२ कोटी डॉलरची वाढ घेतली, वर्षाला सरासरी साडेपाच कोटी. त्या वर्षी एका संघाला सगळ्या खेळाडूंवर मिळून खर्च करायची मर्यादा होती २५ कोटी ५४ लाख. एकाच माणसाला पाचव्या हिश्श्याहून जास्त गेल्यावर बाकीच्या पन्नासेक जणांत किती उरतं ते बघा. वारसाला तीन वर्षं बाकावर ठेवलं तर त्याची स्वस्त वर्षं वाया जातात, हा मुरवण्याच्या विरोधातला सगळ्यात जड मुद्दा आहे आणि तो मी मान्य करते.

अटलांटाने २०२४ मध्ये जे केलं ते मात्र मला अजून पटलेलं नाही. मार्चमध्ये कर्क कझिन्सशी चार वर्षांचा १८ कोटींचा करार, १० कोटींची हमी, आणि एप्रिलमध्ये ८व्या क्रमांकावर मायकल पेनिक्स. विहीर आणि टँकर दीड महिन्याच्या आत! डिसेंबरमध्ये कझिन्स बाकावर गेला.

नवा क्वार्टरबॅक कधी घेऊ नये?

त्याला सांभाळणारी फळी नसेल तेव्हा. ह्यूस्टनचा नवा संघ २००२ मध्ये उभा राहिला आणि पहिल्या क्रमांकावर डेव्हिड कार आला. पुढे उभे असलेले लाइनमन कच्चे. त्या एका हंगामात कारला ७६ वेळा चेंडूसह आडवं पाडलं गेलं. त्याच्यात किती कस होता हे नंतर कुणालाच नीट कळलं नाही. रोप लावायच्या आधी कुंपण घालावं लागतं.

आणि मालकाला एका वर्षात निकाल हवा असेल तेव्हाही घेऊ नये. २०२१ मध्ये पहिल्या फेरीत पाच क्वार्टरबॅक गेले. २०२४च्या उन्हाळ्यापर्यंत त्यांतला एकटा ट्रेव्हर लॉरेन्स आपल्या मूळ संघात उरला होता. पाचातले चार वाईटच होते असं मी मानत नाही. त्यांच्या कोचांना, मॅनेजरांना थांबायला वेळच नव्हता. २०१८ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर आलेल्या सॅम डार्नल्डला जेट्सने तीन वर्षांत सोडून दिलं, आणि त्यानेच २०२४ मध्ये मिनेसोटाला १४-३ करून दाखवलं. ग्रीन बेला एकच मालक नाही, १९२३ पासून संघ भागधारकांचा आहे, लाभांश कुणालाच मिळत नाही. तीन वर्षं थांबायची हिंमत या रचनेतून येते असं मला मनापासून वाटतं.

मग पॅकर्सनी आता पुन्हा घ्यावा का? लव्ह तर तरुण आहे.

पहिल्या फेरीत नको. लव्हचा जन्म नोव्हेंबर १९९८चा, वारसाचा विचार त्याच्या तिशीनंतर. पण खालच्या फेरीत एखादा, दर एक-दोन वर्षांनी, जरूर. ही जुनी रीत आहे. नव्वदच्या दशकात मॅनेजर रॉन वुल्फ यांनी फार्व्ह एकही सामना चुकवत नसताना मार्क ब्रुनेल पाचव्या फेरीत घेतला, मॅट हॅसलबेक सहाव्यात, ॲरन ब्रुक्स चौथ्यात. तिघांना इथे खेळायला फारसं मिळालं नाही, तिघेही दुसरीकडे जाऊन मुख्य क्वार्टरबॅक झाले, आणि त्यांच्या बदल्यात पॅकर्सना ड्राफ्टच्या निवडी किंवा खेळाडू मिळाले.

२०२४च्या पहिल्याच सामन्यात, ब्राझीलमध्ये, लव्हचा गुडघा दुखावला तेव्हा असा घरचा तयार माणूस नव्हता. सामन्याच्या दीडेक आठवडा आधी टेनेसीकडून सातव्या फेरीच्या निवडीवर आणलेला मलिक विलिस होता. त्याने पुढचे दोन्ही सामने जिंकून दिले. तेव्हा निभावलं. पुढच्या वेळेसाठी माणूस एप्रिलमध्येच घरात आणलेला असावा.